थोरलीचा राग

५ जानेवारी

मावशी,

नमस्कार, आणि लगेच कामाचं. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू स्वतः रचतेस, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी कॉलेजला सुट्टी नाही म्हणाले, तर तू चार नातेवाइकांना कळवलंस की माझी नोकरी गेली.

या वर्षी वर्गात, तू थोरलीचं काम करायचीस ते पाच अंकी नाटक शिकवतेय. थोरलीचं स्वभावचित्र लिहायला दिलं, तर साऱ्या वर्गाने एकमताने तिला फासावर चढवलं. मुलांना दिसतं ते एवढंच : गाव परक्या फौजेच्या ताब्यात. घर सोडून बंडखोरांत गेलेली धाकटी बहीण पाठीशी तान्हं मूल बांधून थोरलीच्या दारात येते. मागे शिपाई टपलेले, दार उघडलं की दोघींना धरायला. थोरली दार उघडत नाही, खिडकीतून शिव्याशाप देते आणि खिडकीही लावून घेते. तिसऱ्या अंकाचा पडदा. एकाने लिहिलंय, "थोरली दगड आहे, फरक इतकाच की दगड एवढा बोलत नाही." भाषेला मी पूर्ण गुण दिले, अकलेला शून्य.

मला तिची बाजू मांडायचीय आणि ती फळ्यावर मांडता येत नाही. एप्रिलमध्ये कॉलेजच्या सभागृहात आम्ही हे नाटक करतोय. बाकी सगळी कामं मुलं करतील. थोरली तू कर. मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी मला आईपासून चोरून तुझा प्रयोग दाखवला होता. तू खिडकी लावलीस तेव्हा मी खुर्चीखाली लपले होते. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

आई बरी आहे. तुला लिहितेय हे तिला ठाऊक आहे. "टेबलावर शाई सांडू नकोस" एवढंच म्हणाली.

तुझी,
मास्तरीण


१४ जानेवारी

मास्तरीणबाई,

खुर्चीखाली लपलीस हे वाचून मूठभर मांस चढलं. तरीही नाही म्हणजे नाही.

गुडघ्यांची सबब सांगणार होते, पण तू ती उडवून लावशील. खरं कारण सांगते. ती बाई मला आवडत नाही. तिच्या जिवावर मी घर चालवलं, नाव कमावलं, पण आमचं कधी पटलं नाही. एका गावात प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी भाजीवालीने मला निवडून निवडून किडकी वांगी दिली. दुसऱ्या गावात एक आजीबाई प्रेक्षकांतून उठून ओरडल्या, "अगं मेले, उघड की दार!" मी खिडकीत उभी, आणि मनात म्हणतेय, तुमचं अगदी बरोबर आहे हो आजी.

आणि दार न उघडणारी बहीण मला घरचीच पुरेशी आहे. तुला सगळं अर्धवट माहीत असणार, तर एकदा नीट ऐक. आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, गेले तेव्हा मी नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर होते. तार फिरत फिरत आली. पोचले तोवर सगळं उरकलं होतं. ताई दारात उभी राहिली, मला आत घेतलं नाही. "बाबा गेले तेव्हा कुठे होतीस?" म्हणाली आणि दार लावलं. पुढे आमचं बोलणं सुरू झालं, नाही असं नाही. लग्नकार्यात भेटतो, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतो. पण त्या घराची पायरी मी परत चढले नाही आणि तिने माझं एकही नाटक पाहिलं नाही. फिट्टंफाट.

तू त्याच घरात बसून मला थोरली करायला बोलावतेस! धन्य आहे तुझी.

मावशी


२१ जानेवारी

मावशी,

पत्र वाचलं, आणि वाईट वाटलं. पण मी तुझीच भाची. हट्ट सोडणार नाही.

तू तिच्यावर अन्याय करतेयस. तिचे ते शाप आठव. "पुलावर पाय ठेवलास तर तंगडं मोडेल तुझं! बाजारात तोंड दाखवलंस तर लोक दगड मारतील! टेकडीवर गेलीस तर कोल्हे फाडून खातील! ... चालती हो माझ्या दारातून!" चिडलेलं माणूस तोंडाला येईल ते बोलतं. हिच्या शिव्यांत मात्र एक शिस्त आहे. ती कशासाठी, ते पाचव्या अंकात म्हातारी धाकटी आपल्या मुलीला सांगते, तेव्हा मला दर वेळी हुंदका येतो. वर्गातही आला. मुलांनी खिडक्या उघडल्या, त्यांना वाटलं मला चक्कर येतेय.

तो राग नव्हताच, मावशी. नुसती माया होती. मी यावर लेख लिहिलाय, नाव 'रागाचा मुखवटा'. सोबत प्रत पाठवतेय, मोठ्या अक्षरात. एका नियतकालिकाने स्वीकारलाय. एवढी वर्षं तू पाचवा अंक पाठीशी घेऊन तो तिसरा अंक करत होतीस, म्हणून तर तुझी थोरली तेवढी मोठी झाली. नुसत्या घशाच्या जोरावर ते होत नाही.

तुझी,
मास्तरीण


३० जानेवारी

मास्तरीणबाई,

कसला पाचवा अंक?

थट्टा करत नाहीये. पाचव्या अंकात थोरली नाहीच. मग तिथे तिच्याबद्दल कोण कशाला बोलेल?

तुम्हा शिकलेल्या लोकांना वाटतं, नटाला नाटक माहीत असतं. आम्हाला नक्कल मिळायची. म्हणजे आपल्या वाट्याची तेवढी वाक्यं उतरवलेले कागद, आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, कुठे तोंड उघडायचं ते कळावं म्हणून. सबंध नाटक फक्त मालकांकडे, कुलपात. दुसऱ्या कंपनीने पळवू नये म्हणून. तालमीही ज्याच्या त्याच्या. माझं काम तिसऱ्या अंकाबरोबर संपायचं. पडदा पडला की थोरलीचं घर लगेच उतरवून ट्रकमध्ये चढवायचे, कारण पुढच्या गावी ते आधी उभं करावं लागे. त्या घराबरोबर ट्रकमध्ये मी. दारावर पाठ टेकून मी अर्धा मुलूख हिंडले आहे! मागे चौथा-पाचवा अंक चालू असायचा, टाळ्या ऐकू यायच्या, आणि आमचा ट्रक हलायचा.

धाकटीचं काम करणारीला मी एकदा विचारलं होतं, शेवटी काय होतं गं? म्हणाली, "मी म्हातारी होते आणि खूप बोलते." मला वाटलं, रडत असेल नशिबाला. पुढे पुस्तक छापून आलं ते मी हातात धरलं नाही. त्या बाईबद्दल आणखी काही कळून घ्यायची मला हौस नव्हती.

तेव्हा तुझं ते "पाचवा अंक पाठीशी घेऊन" वगैरे खोडून टाक. माझ्या पाठीशी लाकडी दार होतं. पण काय म्हणते गं धाकटी?

मावशी


३ फेब्रुवारी

मावशी,

पत्र हातात घेऊन मी वर्गाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. तास बुडाला, मुलं खूश झाली.

मला तुला लिहायचंही धाडस होईना असं झालंय. काही माहीत नसताना तू ते तसं करत होतीस?

मी काही समजावत नाही. धाकटीचं बोलणं उतरवून देते. तिची मुलगी विचारते, तुझ्या बहिणीने तुला हाकललं, तरी तिचं नाव तू मला का दिलंस? त्यावर धाकटी म्हणते :

"गावातून बाहेर पडायला चार वाटा होत्या. पूल, बाजार, टेकडी आणि वीटभट्ट्यांमागची गल्ली. पहिल्या तिन्हींवर पहारा होता. मला ते ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं. तिने त्या तीन वाटांची नावं घेऊन मला शिव्या दिल्या. चौथीचं नाव तिने घेतलं नाही. शिपाई परगावचे, त्यांना ती गल्ली माहीतच नव्हती. मी भट्ट्यांमागून गेले. म्हणून तू आहेस."

तुझी,
मास्तरीण


२८ फेब्रुवारी

बाळ,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते.

ते मी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने, मग धाकटीच्या आवाजात. शेजारीण विचारायला आली, पाहुणे आलेत का. चहा ठेवला आणि गॅस पेटवायला विसरले. पहिल्यांदा मला रागच आला, त्या लिहिणाऱ्याचा. तिची सगळी वाक्यं माझ्या तोंडात घातलीस आणि ती का बोलते ते मला सांगितलं नाहीस, असा! मग दोन-चार दिवसांनी हात जोडले. काय माणूस असेल! हजार लोकांसमोर भर उजेडात तीन वाटा मांडल्या आणि चौथी कुणालाही दिसली नाही. शिपायांना नाही, प्रेक्षकांना नाही, बोलणारीलासुद्धा नाही.

एवढी वर्षं मी त्या बाईला दूषणं देत तिचे कपडे घातले. तिची माफी मागायला दुसरी जागा नाही.

येते. पण उतरायची सोय कॉलेजच्या वसतिगृहात कर, तुमच्या घरी नाही. मुलांनी मला मॅडम म्हणायचं नाही. आणि विंगेत बसायला पाठ असलेली खुर्ची हवी.

मावशी


१८ मार्च

मास्तरीणबाई,

तालमी झाल्या, परत आले, आणि आता जे लिहितेय ते नीट वाच. मला हे काम जमत नाही. दुसरी कुणी बघ.

शनिवारची तालीम तू पाहिली नाहीस, परीक्षेच्या बैठकीला गेली होतीस. मी खिडकीत उभी राहिले. पूल म्हटलं, बाजार म्हटलं, टेकडी म्हटलं. तुझ्या लेखातली सगळी माया आवाजात ओतली. मुलींचे डोळे भरून आले. तेवढ्यात शिपायांची नायक झालेली ती चष्मेवाली पोरगी पुढे आली. "आजी, माफ करा, पण मला आत्ता धाकटीला पकडायला पाहिजे. तुम्ही तिला वाट सांगताय, हे मला इथून सरळ ऐकू आलं." सगळे हसले, मीसुद्धा. खोलीत गेल्यावर हसू आलं नाही. आजवर कुठल्या वर्तमानपत्राने माझं इतकं खरं परीक्षण केलं नव्हतं. त्या पोरीला सांभाळ, तिला नाटक कळतं.

रात्रभर तुझा लेख घेऊन बसले. लेख सुरेख आहे. त्या तीन वाटांची तुझी उकल वाचताना पुन्हा अंगावर काटा आला. मी उभ्या जन्मात असं काही लिहू शकणार नाही. पण शाप उतरवताना मधे तू तीन टिंबं दिलीयस. पत्रातही दिली होतीस. तिथे एक वाक्य आहे. मी ते सगळ्यात जोरात म्हणायचे. "आई गेली तेव्हा कुठे होतीस?"

या वाक्यात कुठली वाट आहे, सांग बघू?

एकही नाही. शिपायांना फसवायला ते लागत नाही, बहिणीला वाचवायलाही लागत नाही. ते तिच्या पोटातून आलंय. आई हिने एकटीने सांभाळली, मरताना हिनेच पाहिली, आणि ही धाकटी डोंगरात बंदुका मिरवत होती. त्याचा राग आहे तो, आणि अगदी खरा आहे. तू म्हणतेस मुखवटा. मुखवटा असता तर शिपायांनी ओढून काढला असता. तो खरा होता म्हणून ते फसले. तिने त्याच रागात वाट सांगितली, राग बाजूला ठेवून नाही. एवढं मोठं काळीज मला कुणाचं माहीत नाही.

आता माझी गोची ऐक. ते वाक्य मी कसं म्हणायचे, माहितीय? ताईच्या आवाजात. तिने दारात म्हटलं तसंच्या तसं, "बाबा" काढून "आई" घालून. तो स्वर मला कुणी शिकवला नाही, तो माझ्या कानात होता. आणि आता पाचवा अंक वाचल्यापासून तिथे आले की मन भरकटतं. वाटतं, ताईलाही तेव्हा आणखी काही सांगायचं असेल का? मला कळलं नसेल का? की आवाज मऊ पडतो. मऊ थोरली म्हणजे धाकटीचं मरण. म्हणून म्हणते, दुसरी बघ.

मावशी


२४ मार्च

मावशी,

दुसरी कुणी बघणार नाही.

लेख मी परत मागवला. ते वाक्य मी गाळलं, कारण ते माझ्या मताच्या आड येत होतं. मुलांनी असं केलं की मी लाल पेन उचलते. वर्गात तुझं पत्र वाचून दाखवलं, फक्त नाटकाबद्दलचं. दगड म्हणणाऱ्या मुलाने विचारलं, "मग राग आणि माया, दोन्ही पूर्ण मार्कांची?" मी म्हटलं, हो, दोन्ही पूर्ण. इतक्या वर्षांत मी या नाटकावर याहून बरं काही बोलले नाहीये, आणि तेही तुझंच.

आता घरचं. काल आई कप पुसत होती. मी सरळ विचारलं, "मावशी आली तेव्हा तू दारात काय म्हणाली होतीस?" तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "बाबा गेले तेव्हा कुठे होतीस, म्हणाले." मावशी, मी दचकले. खुर्चीखाली लपून ऐकलेला आवाज तो. मऊपणा औषधालाही नव्हता. तेव्हा त्यात काही शोधत बसू नकोस. जसं ऐकलंस तसं म्हण.

मग तिने दुसरा कप घेतला आणि विचारलं, "तिकीट काढावं लागतं का?"

तुझी,
मास्तरीण


१५ एप्रिल

मावशी,

सकाळी उठले तर तू पहिल्या बसने निघूनही गेली होतीस. हे काही बरं नाही. मला बोलायचं होतं.

प्रयोगाबद्दल काय लिहू? शब्दांची नोकरी करते आणि शब्द नाहीत. पूल, बाजार, टेकडी, आणि मग ते वाक्य. चष्मेवाली नायक एक पाऊल मागे सरकली. ते तालमीत ठरलेलं नव्हतं. मला म्हणाली, "मॅडम, मी घाबरले हो." शेजारी प्राचार्य, त्यांनी माझा हात धरला आणि मग तो माझा आहे हे लक्षात येऊन सोडला. खिडकी लागली तेव्हा मी पुन्हा सहा वर्षांची झाले. फक्त खुर्चीखाली मावत नव्हते.

पण त्या वेळी मी आईकडेही बघत होते. तिसऱ्या रांगेत, कडेला. ते वाक्य आलं तशी तिने पर्स घट्ट धरली. पडदा पडला, दिवे लागले, आणि तिची खुर्ची रिकामी. मला वाटलं, झालं. दुखावली, उठून घरी गेली. पुढचे दोन अंक मी कसे पाहिले मलाच ठाऊक. नंतर तू वसतिगृहात गेली असशील असं धरून मुलांबरोबर सामान आवरत बसले, घरी जायचा धीर होत नव्हता.

घरी आले तर दाराशी तुझ्या चपला! आणि आतल्या खोलीत तुम्ही दोघी गाढ झोपलेल्या. आई भिंतीकडे, तू खिडकीकडे, आणि पांघरूण सगळं आईकडे.

काय झालं? आईला विचारलं तर म्हणते, "काय व्हायचंय? नाटक पाहिलं." तू तरी सांग.

तुझी,
मास्तरीण


२२ एप्रिल

बाळ,

रागावू नकोस. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती. आणि खरं सांगायचं तर ताईशी चहा घेताना काय बोलायचं ते मला सुचेना. एकदम सगळं कशाला?

तू पाहिलंस त्यापुढचं सांगते. मी विंगेत त्या पाठीच्या खुर्चीवर बसले होते. या वेळी ट्रक नव्हता, घरही कुणी उतरवत नव्हतं. म्हटलं, आज शेवटपर्यंत बसायचं. तेवढ्यात पडद्यामागून ताई आली. कुणाला विचारलं, कशी वाट काढली, देव जाणे. मी उठायला लागले तर खांदा दाबून खाली बसवलं. स्वतःसाठी एक खोकं ओढलं. आख्खा चौथा अंक आम्ही दोघी तशाच बसलो. ती तुझी आई आहे म्हणून सांगते, खोकं कपड्यांचं होतं आणि ती जरा आत गेली होती. पण हसायची सोय नव्हती.

पाचवा अंक सुरू झाला. धाकटी झालेली तुझी ती विद्यार्थिनी, गुणाची पोर, किती सावकाश बोलली. चार वाटा होत्या म्हणाली. कागदावर मी ते पन्नासदा वाचलंय. पण समोर कुणी माझ्याबद्दल बोलतंय, आणि मी विंगेत जिवंत बसून ऐकतेय, हे पहिल्यांदा घडत होतं. "म्हणून तू आहेस" आलं आणि मला आवरेना. माझा रंग गळ्यापर्यंत ओघळला. ताईने पर्समधून रुमाल काढून दिला.

मग माझ्या कानाला लागून, चांगल्या कानाला, ती म्हणाली, "माझ्या आवाजात बोललीस."

म्हटलं, "हो."

रंगमंचावर मुलगी धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवत होती.

"हे बघ," ती म्हणाली, "मी तुला अशी वाटबीट काही दाखवत नव्हते हं. मला खरंच राग आला होता."

"ठाऊक आहे, ताई."

"अजून आहे थोडा."

"असू दे की."

तिने माझ्या हातातला रुमाल परत घेतला, त्याची एक बाजू कोरडी आहे का पाहिली, आणि स्वतःचे डोळे पुसले. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. "तोंड धू," ती म्हणाली. "घरी जाऊ. किल्ली माझ्याकडेच आहे."

मावशी